मदत हवी आहे: जुनं ईपीएबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) काढून सगळं क्लाउडवर न्यावं का?

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसातल्या ईपीएबीएक्सचे सुटे भाग आता मिळेनासे झालेत. साठेक एक्स्टेंशन आहेत. सिस्टीम बदलायची हे नक्की, पण कोणती घ्यायची यावर एकमत होत नाहीये.

एक मत असं, की ऑफिसातच अ‍ॅस्टरिस्क या मोफत सॉफ्टवेअरवर चालणारं आयपी पीबीएक्स (नेटवर्कवरून कॉल नेणारं एक्स्चेंज) बसवावं आणि सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी बाहेरच्या कॉलची जोडणी) घ्यावा. दुसरं, टीम्स किंवा झूमसारख्या सेवेवर जावं, म्हणजे कॉल, चॅट, मीटिंग एकाच अ‍ॅपमध्ये. तरुण सहकाऱ्यांना तर टेबलावर फोनच नको आहे. मला काळजी आहे रिसेप्शनची. तिथल्या ताई कोणाची लाइन बिझी आहे ते दिव्यांवरून ओळखतात, आतल्या माणसाला विचारतात आणि मगच कॉल जोडून देतात. हे स्क्रीनवर, माउसने, तितक्याच झटपट होतं का? ज्यांच्याकडे रोज भरपूर कॉल येतात त्यांनी कृपया सांगा.

बँडविड्थची चिंता नाही, जी.711 (आवाज डिजिटल करायची, जास्त बँडविड्थ खाणारी पद्धत) वापरला तरी एका कॉलला प्रत्येक दिशेला 100 केबीपीएस पुरतात. खरी भीती विजेची आहे. तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळते, आयपी फोनचं तसं नाही. राउटर आणि पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा) यूपीएसवर टाकून भागतं, की आणीबाणीसाठी एखादी जुनी लाइन ठेवावीच? आणि लिफ्टमधल्या फोनचं तुम्ही काय केलंत?

नंबर मात्र तेच राहायला हवेत, ग्राहकांना ते पाठ आहेत. पोर्टिंग होईपर्यंत दोन्ही सिस्टीम कोणी समांतर चालवल्या असतील तर तो अनुभव नक्की लिहा.