मदत हवी आहे: वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचंय. सलग वाचावं की जुना आणि नवा करार बरोबरीने?

येत्या १ जानेवारीपासून, म्हणजे २०२६ चं अख्खं वर्ष, मी आणि सासूबाई मिळून बायबल वाचणार आहोत. वाचणार मी, ऐकणार त्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक टाइप त्यांना झेपत नाही. वेळ रात्रीची, जेवणं आटोपल्यावर, अर्धा तास.

अडलंय ते क्रमावर. सासूबाई नगरच्या, संडे स्कूलमध्ये तयार झालेल्या. त्यांचं म्हणणं, उत्पत्तीपासून सुरुवात करायची आणि प्रकटीकरणाला थांबायचं. "वल्हांडणाचं कोकरू कळल्याशिवाय वधस्तंभ काय कळणार?" वल्हांडण म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा यहुदी सण, त्याची गोष्ट जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात; वधस्तंभ, म्हणजे येशूचा क्रूस, नव्यात. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण मी हिशेब मांडून पाहिला. ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय, त्यातले ९२९ जुन्या करारात. रोज सव्वातीन अध्याय धरले तरी मत्तय, म्हणजे नव्या कराराचं पहिलं पुस्तक, उघडायला ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. ३ एप्रिलच्या गुड फ्रायडेला आम्ही १ राजेमध्ये असू, शलमोनानंतर राज्य दुभंगतं तिथे! त्याआधी जानेवारीतच निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं दोनदा (आधी सांगताना, मग बांधताना) आणि लगेच यज्ञ-नियमांच्या लेवीयचे २७ अध्याय. सासूबाई ऐकतील हो, मलाच डुलकी लागेल.

दोन्ही करार बरोबरीने वाचणाऱ्यांनी रोजचं वाटप कसं केलं? आणि १ इतिहासातले सुरुवातीचे नऊ अध्याय, म्हणजे नुसती नावं, मोठ्याने वाचता का?

प्रतिसाद १
डंडीचे स्कॉटिश पाळक मॅक्शेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता अजून वापरात आहे. रोज चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. मी तो पुरा केला आहे. पण तुम्हाला सुचवणार नाही. १ जानेवारीलाच उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये असे चार धागे सुरू होतात. स्वतः वाचणाऱ्याला ते जमतं, नुसतं ऐकणाऱ्याला कुठली गोष्ट कुठे सोडली होती ते रोज आठवावं लागतं.

प्रतिसाद २
नव्या करारात २६० अध्याय आहेत, म्हणजे ५२ आठवडे गुणिले ५. सोमवार ते शुक्रवार नव्याचा एक, जुन्याचे दोन. शनिवार-रविवार फक्त जुना करार, चार-चार. बसतं सगळं, वर थोडे दिवस हाताशी राहतात. ते स्तोत्र ११९ ला ठेवा, एकटं १७६ वचनांचं आहे.

२०२६ चं कॅलेंडर समोर ठेवून मोजलं. १ तारखेला मत्तय १ घेतला तर ३ एप्रिलला बरोबर लूक २३ येतो. वधस्तंभाचाच अध्याय. मी दोनदा मोजलं!

सासूबाईंचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र वाचाल त्या आठवड्यात लेवीय १६ परत काढा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा.

नावं वाचाच. त्यांच्या गर्दीत चौथ्या अध्यायात याबेसाची प्रार्थना आहे, वगळलंत तर तीही जाईल.

प्रतिसाद ३
आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, तोबित, मक्काबी वगैरे धरून. तेव्हा हा तक्ता कुणी आमच्याकडे जसाच्या तसा वापरू नये, जुन्या कराराचे अध्याय वाढतात. बाकी आम्ही घरी शुभवर्तमान (येशूच्या जीवनाची पुस्तकं) सकाळी आणि जुना करार रात्री असं ठेवतो. एका बैठकीत दोन्ही घेतलं की मुलं कंटाळतात.

मूळ लेखिका
सगळ्यांचे आभार. लूक २३ चं ऐकून सासूबाई लगेच तयार झाल्या, मॅक्शेन मी त्यांना सांगितलासुद्धा नाही. एकच अट घातलीय: रविवारी चर्चहून आल्यावर दोनच अध्याय, उरलेले दोन शनिवारी. म्हणजे शनिवारी सहा. तेवढं मोठ्याने वाचून घसा टिकतो का, की दुपारी आणि रात्री असे दोन भाग करू? नाताळला प्रकटीकरण १९ येतंय, त्या दिवशी लूक २ वेगळा वाचायचा हे ठरलंय.