गवत कापायच्या मशीनचा एअर फिल्टर सैल बसतो, चालेल का?

बाणेर, सोसायटीची बाग:
आमच्या सोसायटीत पेट्रोलवरचं फोर-स्ट्रोक लॉनमोअर आहे. फिल्टर दुहेरी: बाहेर फोम, आत घड्यांचा कागद. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झाल्यापासून फोम आठवड्याभरात राखाडी होतो. माळीकाका फोम पेट्रोलमध्ये बुडवून काढतात आणि कागदावर पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणतात. परवा कव्हर उघडलं तर कागदाच्या एका कोपऱ्यावर तेलाचा डाग दिसला. नाना पेठेत नवा कागदी फिल्टर मिळाला, पण तो मशीनवरच्या फिल्टरच्या जागेत जरा सैल बसतो. दुकानदार म्हणाले, चालून जाईल. खरंच चालेल? की कागद काढून नुसत्या फोमवर चालवावं?

सिंहगड रोड, छोट्या इंजिनांची दुरुस्ती:
नाही चालणार. तो फिल्टर परत करा आणि इंजिनावरचा मॉडेल नंबर घेऊन पुन्हा जा. लोक कागद किती पांढरा, किती जाड ते बघतात. मी आधी कडा बघतो. हवा सोप्या वाटेने जाते. कडेला नखाएवढी फट राहिली की धूळ कागदातून गाळून घ्यायचा प्रश्नच येत नाही, ती थेट कार्ब्युरेटरमध्ये जाते. बांधकामाची धूळ म्हणजे क्रशसँड आणि सिमेंट. ती सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनच्या रिंगांवर पॉलिश पेपरसारखी घासते. मग इंजिन ऑइल खायला लागतं, निळसर धूर येतो, आणि फिल्टरच्या किमतीत वाचवलेले पैसे बोअरच्या (सिलिंडरच्या) कामात कितीतरी पटीने जातात.

फट आहे का, हे घरीच बघता येतं. मशीन बंद करून थंड होऊ द्या, फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या आतून स्वच्छ पांढरं फडकं बोटाने फिरवा. फडक्यावर कोरडी, कचकच लागणारी धूळ आली तर फिल्टर गळतोय, मग तो कितीही नवा असो.

कागद काढू नका. ज्या इंजिनाला कंपनीनेच नुसता फोम दिलाय त्याला तो पुरतो, कारण तो फोम जाड असतो आणि तेल लावूनच वापरायचा असतो. दुहेरी फिल्टरमधला फोम पातळ असतो. तो मोठा कचरा अडवतो, बारीक धूळ कागदच धरतो.

आता फोम धुण्याचं. पेट्रोल अजिबात नको. आगीची भीती आहेच, शिवाय फोमही खराब होतो. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून दाबून दाबून धुवा, साध्या पाण्यात खळबळा, फडक्यात गुंडाळून दाबा (पिळू नका, फाटतो) आणि सावलीत पूर्ण वाळवा. नंतर तेल लावायचं की नाही, ते मशीनच्या पुस्तिकेत बघा. काही दुहेरी फिल्टरमध्ये फोमला थोडं इंजिन ऑइल लावायला सांगतात, काहींत कोरडाच ठेवायचा असतो. लावायचं असेल तर जादा तेल सगळं दाबून काढा. राहिलं तर ते कागदात उतरतं आणि तो कागद गेलाच समजा. फोम बोटांत भुगा होत असेल तर धूत बसू नका, बदला. त्याचे तुकडे आत जातात.

कागद धुवायचा नाही, त्याला तेलही नाही. हळूच आपटून धूळ झाडा. होंडाच्या पुस्तिकेत आतून बाहेर हवा मारायला परवानगी आहे, पण ३० पीएसआयपर्यंतच. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही इंजिन कंपनी तर हवा मारूच नका म्हणते. पंक्चरवाल्याच्या पाइपला त्याहून बराच जास्त दाब असतो, त्याने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. माझ्याकडे येणारे बरेच कागदी फिल्टर धुळीने नाही, अशा सफाईने मेलेले असतात. कागदामागे बल्ब धरून बघा: टाचणीएवढा उजेड थेट दिसला तर बदला, उजेड येतच नसेल तरी बदला.

किती दिवसांनी? होंडाच्या जीएक्स इंजिनांना ५० तास किंवा ३ महिने सांगितलेत, ब्रिग्जच्या बऱ्याच मोअरना फोमसाठी २५ तास. दोघंही म्हणतात की धुळीत त्याआधीच करा. तुमच्याकडे बांधकाम संपेपर्यंत प्रत्येक कापणीआधी कव्हर उघडून बघायला माळीकाकांना सांगा.

फोमला जादा तेल लावलेलं नसेल तर तेलाच्या डागाची बहुतेक वेळा दोन कारणं असतात: ऑइल खुणेच्या वर भरलेलं, किंवा पातं साफ करताना मशीन चुकीच्या बाजूला कलतं केलेलं. कलतं करायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढा, मग कार्ब्युरेटर आणि फिल्टर वरच्या अंगाला राहतील असंच कलतं करा.

कोथरूड, घरची बाग:
पावसाळ्यात गवत भराभर वाढतं आणि फोम मात्र दोन-दोन दिवस दमट राहतो. म्हणून मी फोमची जोडी ठेवते, एक मशीनवर, एक वाळत. ओला फोम कधीच बसवत नाही. उन्हाळ्यात कंपाउंडलगतच्या उघड्या मातीवर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडते आणि तिथे पातं एक खाच वर घेते, धूळ खूप कमी उडते.

बाणेर, सोसायटीची बाग:
दोघांचेही आभार. ऑइल खुणेच्या बरंच वर निघालं. फडक्यावर थोडी धूळही आली. इंजिन गेलं का?

सिंहगड रोड, छोट्या इंजिनांची दुरुस्ती:
निळा धूर नसेल आणि ऑइल कमी होत नसेल तर घाबरू नका. पण आत गेलेली धूळ ऑइलमध्येही उतरते, म्हणून नुसतं जादाचं काढू नका. इंजिन थोडं गरम असताना सगळं ऑइल बदला, नवं खुणेपर्यंतच भरा, आणि कडेला घट्ट बसणारा कागद मिळेपर्यंत मशीन चालवू नका. गवत आठवडाभर वाढलं तर वाढू दे.