शेतकरी आळशी म्हणून सेंद्रिय करत नाही? हे कुणाला सांगताय?

येळ्ळूरचं भात: परवा इथं टिळकवाडीच्या एका दादांनी लिहिलं, "बेळगावकडचा शेतकरी आळशी झालाय. युरिया फेकला की मोकळा. जीवामृताला काय पैसे पडतात?" दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. माझं दोन एकर बासमती. त्यातलं एक एकर तीन वर्षं रासायनिक खताशिवाय केलं. एकरी 200 लिटर जीवामृताला 10 किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, आणि तेही पुन्हा पुन्हा. बैल कधीच गेले, पॉवर टिलर आला, म्हणजे शेणसुद्धा विकत. पहिल्या वर्षी भात निम्म्यावर आलं. दुसऱ्या वर्षी जरा सावरलं. तिसऱ्या पावसाळ्यात बळ्ळारी नाला चढला आणि शहराचं सांडपाणी, प्लास्टिक, सगळं खाचरात. आता सांगा, ते भात सेंद्रिय म्हणून कोण घेणार? आणि यात माझा आळस कुठला?

टिळकवाडी: नाल्याचं दुःख खरं आहे. पण माझे आजोबा बेळगुंदीला रताळी पिकवायचे, आयुष्यात खताचं पोतं आणलं नाही. 2016 साली अख्खं सिक्कीम सेंद्रिय झालं. तिथं जमतं, इथं का नाही?

चिकोडी ऊस: सिक्कीममध्ये ऊस दिसला का तुम्हाला? श्रीलंकेनं 2021 साली रासायनिक खत बंद केलं आणि त्याच वर्षी बंदी मागे घेतली, तेही वाचा. आमचा कारखाना टन मोजतो, मातीचा कस मोजत नाही. युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपयांना मिळतं, तेवढ्यात शेणखताची ट्रॉली दारात उभीसुद्धा राहत नाही.

टिळकवाडी: आणि उसाचा वाळलेला पाला, पाचट, का पेटवता? ते कुजवायला तरी पोतं लागत नाही ना?

चिकोडी ऊस: ऊसतोडीची टोळी पेटवलेलाच फड मागते! हिरवा फड म्हटलं की टोळीचा मुकादम पुढच्या गावाला जातो. गेल्या साली मी हट्टानं पाचट ठेवलं, तर ऊस तोडीविना तीन आठवडे उभा. वजन घटलं ते कोण भरून देणार?

खानापूरची सून: तुम्ही सगळे जमिनीच्या उताऱ्यावर नाव असलेले, म्हणून ही चर्चा. आम्ही वाट्यानं करतो. 1974 पासून कर्नाटकात जमीन खंडानं देणं कायद्यानं बंद, त्यामुळं सगळं तोंडी. दोन वर्षं शेण टाकून रान काळं केलं, मालक म्हणाला, "आता पोरगाच करणार." आता रासायनिक खतच टाकते, त्याच साली पीक निघतं.

सीमावासी: मूळ दुखणं भाषेचं आहे. उतारा कन्नडमध्ये, प्रशिक्षण कन्नडमध्ये, योजनेचा कागदही कन्नडमध्ये. आमच्या म्हाताऱ्याला कळणार काय?

चिकोडी ऊस: झालं! पाण्याचा विषय काढा, भाषा. खताचा काढा, भाषा. माझा बांधाशेजारचा कन्नड भावकीसारखा आहे. त्याला सगळा कागद वाचता येतो, तरी त्याचाही फड पेटतोच की.

सीमावासी: तुम्हाला कन्नड येतं, म्हणून बोलताय. माझ्या वडिलांनी न कळलेल्या अर्जावर अंगठा दिला, अनुदान तिसऱ्यालाच गेलं. 2004 पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तोवर आम्ही अडाणीच राहायचं?

येळ्ळूरचं भात: दादा, जरा थांबा. मराठीत माहितीपत्रक हवं, हे मान्य. मलाही पोराकडून वाचून घ्यावं लागतं. पण मराठीत कागद आला म्हणून नाल्याचं पाणी खाचरात यायचं थांबणार नाही.

सीमावासी: दोन्ही मागा ना मग! एक मागितलं की दुसरं सोडायचं, ही सवय आपलीच.

टिळकवाडी: "आळशी" हा शब्द मागे घेतो. आजोबांकडे सहा जनावरं आणि स्वतःची जमीन होती, हे मी धरलंच नव्हतं. पाचट पेटवण्याचं मात्र अजूनही पटत नाही.

चिकोडी ऊस: मलाही पटत नाही. तोडलेल्या उसाच्या खोडव्यात पाचटाची कुट्टी करायचं यंत्र आमच्याकडं कुणी भाड्यानं देत असेल तर सांगा, एक एकर यंदा पेटवत नाही.

खानापूरची सून: तुमचं यंत्रानं भागेल. मला पाच वर्षं रान लेखी कोण देणार?