इमारतींच्या फोटोंचे प्रिंट विकून मुलांच्या कलावर्गाला मदत करायची आहे, सल्ला हवा

मंडळी,

बरीच वर्षं इमारतींचे फोटो काढतोय. जिने, कमानी, खिडक्यांच्या रांगा. सगळे हार्डडिस्कवर पडून आहेत. ओळखीतली एक संस्था शाळकरी मुलांसाठी चित्रकलेचे आणि फोटोग्राफीचे मोफत वर्ग घेते. रंग-कागद संपले की वर्ग बंद. म्हटलं, निवडक वीस फोटोंचे प्रिंट विकून त्यांना पैसे द्यावेत. ठरवायला पाच मिनिटं लागली, पुढे सगळंच अडलंय.

हौसेने एक ए३ प्रिंट काढून घेतला. गोल जिन्याचा, वरून खाली पाहताना. स्क्रीनवर सावलीतल्या पायऱ्या मोजता येत होत्या, कागदावर नुसता काळा डोह. त्यात कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ आणि ए३चं प्रमाण १.४१:१, म्हणून लॅबवाल्यांनी न विचारता कडा कापल्या आणि कठड्याचं वळण जिथे पुरं होतं नेमकं तेच गेलं. त्या फोटोत होतं काय, तर तेवढंच! फाइल ६०००×४००० पिक्सेलची आहे, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण २०×१३ इंच. याहून मोठा काढावा का?

दुसरं, "नफ्यातला निम्मा वाटा" असं लिहू की "किमतीतले अमुक टक्के"? छपाई, माउंट, कुरियर वजा जाता काय उरेल ते मलाच माहीत नाही.

आणि इमारत दुसऱ्याची, फोटो माझा. विकायला परवानगी लागते का?

प्रतिसाद १

डोहाचं कारण बहुतेक वेळा स्क्रीनचा ब्राइटनेस असतो. तो बराच खाली आणा, लॅबकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफिंग करून, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच पाहून, सावल्या थोड्या उजळ करा. मॅट कागदावर त्या आणखी लवकर बुजतात. कापाकापी नको असेल तर ए-मापांचा नाद सोडा, १२×१८ किंवा १६×२४ इंच घ्या. दोन्ही ३:२च आहेत. १६×२४ ला २५० डीपीआय पडतो, भिंतीवर टांगल्यावर कुणाला फरक कळणार नाही.

प्रतिसाद २

नफा हा शब्दच टाळा, त्याचा हिशेब कुणी तपासू शकत नाही. दर प्रिंटमागे ठरलेली रक्कम लिहा. संस्थेचं नाव छापण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या. जाहिरातीत वर्गातल्या मुलांचे चेहरे येणार असतील तर पालकांचीही.

परवानगीचं प्रत्येक देशात वेगळं आहे. आयफेल टॉवर १८८९चा, दिवसा काढलेला त्याचा फोटो खुशाल विका. रात्रीच्या रोषणाईवर मात्र स्वतंत्र हक्क सांगितला जातो, व्यावसायिक वापराला परवानगी लागते. रस्त्यावरून काढलेल्या फोटोंना सहसा अडचण कमी. आतून काढलेले असतील तर मालकाला विचाराच. फ्रेममध्ये भित्तिचित्र किंवा शिल्प येत असेल तर त्याच्या कलाकाराचा हक्क वेगळा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. १६×२४च काढतो. फोटो पुन्हा चाळले, वीसपैकी सात आतले निघाले, आणि तो जिनाही त्यातच! मालकाला असं पत्र कुणी लिहिलं असेल तर मसुदा दाखवाल का?