जुन्या प्रार्थनामंदिराचा जीर्णोद्धार: आधी भिंती की आधी वेदी?

मंडळी_इंदूर:
सर्वांना सलाम. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं मंदिर विटांचं आहे, चुन्यात बांधलेलं. मधल्या काळात आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट झाला. आता जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ओल चढते, पोपडे निघतात, पांढरा खार फुटतो. एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे. रविवारची उपस्थितीही रोडावली आहे. कमिटीत काहींना आधी उज्जीवन सभा (श्रद्धा पुन्हा जागवणाऱ्या सभा) हव्यात, काहींना आधी दुरुस्ती. दुरुस्त मंदिराचं समर्पण ईस्टरलाच व्हावं असा आग्रह आहे. क्रम कसा लावावा?

एज्रा_तीन:
वेदी आधी. बायबलच्या एज्रा पुस्तकात बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेला परतलेल्या यहुद्यांनी सातव्या महिन्यात वेदी उभारून होमबली सुरू केले, तेव्हा मंदिराचा पाया घातलेलाच नव्हता. पाया पडला दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात. पुढे विरोधामुळे काम थांबलं. हग्गय संदेष्टा बोलला इ. स. पू. ५२० मध्ये, सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, आणि त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी लोक कामाला लागले. म्हणजे उपासना आणि दुरुस्ती हे दोन पक्ष नाहीतच. काम चालू असताना एकही रविवार चुकवू नका. अंगणात मांडव घाला, तिथेच प्रभुभोजन द्या.

तारखेचं मात्र यहूदाच्या हिज्कीया राजाकडून शिका. त्याने राज्याच्या पहिल्याच वर्षी मंदिराची दारं उघडली, लेव्यांसमोर (मंदिराच्या सेवकांसमोर) पूर्वजांचं पाप बोलून दाखवलं, मग सफाई. याजकांनी आतली घाण अंगणात काढली, लेव्यांनी ती किद्रोन ओहोळाकडे नेली. आठ दिवस देवडीपर्यंत, आणखी आठ दिवस मंदिराला. सोळावा दिवस उजाडला तेव्हा वल्हांडण सणाची चौदावी तिथी उलटून गेली होती. पुरेसे याजक शुद्ध झाले नव्हते, लोकही यरुशलेमेत जमले नव्हते. त्याने सण दुसऱ्या महिन्यात केला, कारण बायबलच्या गणना पुस्तकाच्या नवव्या अध्यायात अशुद्ध असलेल्यांसाठी आणि दूर प्रवासात असलेल्यांसाठी तशी सोय आहे. ईस्टर गाठायला ओल्या भिंतीवर रंग फासू नका.

चुना_सुरखी:
वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत, कारण चुन्याला घाई चालत नाही.

सिमेंट आणि ऑइलपेंटमुळे ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, म्हणून ती भिंतीतल्या भिंतीत वर चढते. आधी बाहेर बघा: जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली हवी, आणि पन्हळीचं पाणी जोत्याशी पडता कामा नये. बहुतेक ठिकाणी अर्धं दुखणं इथेच असतं. मग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने काढा. खार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून पुन्हा विटेत शिरतो. उघडी भिंत जमेल तितकी सुकू द्या.

गिलाव्याला एक भाग विरवलेला चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग धुतलेली वाळू. कळीचा चुना विरवून किमान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवा. न विरलेला कण राहिला तर तो नंतर फुगतो आणि गिलाव्यात खड्डा पाडतो. एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. वर ओलं गोणपाट आठवडाभर. रंग म्हणून दुधासारख्या पातळ चुन्याचे तीन हात. मे महिन्यात गिलावा भराभर सुकून तडकतो, पावसाळ्यात सुकतच नाही. म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करा.

भेग लगेच बुजवू नका. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेवर आडवी काचपट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काच फुटली तर भेग अजून हलते आहे, आणि मग स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय हात लावू नये.

मंडळी_इंदूर:
मनापासून आभार. वर्गणीचं काय? काहींना आधी नवी वेदीची भांडी आणि साऊंड सिस्टिम हवी आहे.

दानपेटी:
बायबलमधलं २ राजे, अध्याय १२ कमिटीत मोठ्याने वाचा. योवाश राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत पैसा याजकांच्या हातात जात राहिला आणि दुरुस्ती झालीच नाही. मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत, पैसा थेट सुतार-गवंड्यांना जाई. त्यातून रुप्याची भांडी केली नाहीत. २ इतिहास २४ सांगतं की काम पुरं झाल्यावर उरलेल्या पैशातून केली. तुमच्याकडेही वेगळं खातं, दोन सह्या, आणि दर महिन्याला हिशेब नोटीस बोर्डावर. २ राजे १२ मध्ये कारागिरांकडून हिशेब घेत नसत असंही आहे. ते त्यांच्या सचोटीमुळे. कमिटीने त्याची ढाल करू नये.

एज्रा_तीन:
आणखी एक. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी दुरुस्तीच्या पैशाचं काम चालू असतानाच मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तेव्हा कपाटं रद्दीत देण्याआधी प्रत्येक खण दोघांनी मिळून बघा. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या नोंदवह्या निघाल्या तर लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. सावलीत वाळवा, प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि गिलाव्याची धूळ उडायच्या आत दुसऱ्या इमारतीत हलवा.