'अँजिओ झाली' म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : मावशीचा फोन आला, "काकांची अँजिओ झाली." मला वाटलं, तपासणी झाली. संध्याकाळी कळलं की स्टेंटसुद्धा टाकून झाला होता. मग 'अँजिओ' कशाला म्हणायचं? आणि हृदयाचा झटका, अरेस्ट, फेल्युअर हे तिन्ही एकच का?

– 'अँजिओ' हा अर्धाच शब्द आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भांडं, वाहिनी. 'ग्राफी' म्हणजे चित्र काढणं, 'प्लास्टी' म्हणजे आकार देणं. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून, रंगद्रव्य सोडून वाहिन्या एक्स-रेवर बघतात ती अँजिओग्राफी. अरुंद जागी फुगा फुगवून वाट मोकळी करतात ती अँजिओप्लास्टी. हृदयाच्या वाहिनीवर ती पहिल्यांदा केली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी, १९७७ साली, झुरिकमध्ये. बरेचदा दोन्ही एकाच बैठकीत उरकतात, म्हणून घरचे एकाच शब्दात मोकळे होतात. 'ग्राफी झाली की प्लास्टी?' असं सरळ विचारावं.

– अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत होणारं दुखणं, तोही शब्द याच घराण्यातला का?

– नाही, नुसता कानाला तसा वाटतो. त्याच्या मुळाशी गळा आवळणं, घुसमटणं आहे. इंग्लिश डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये या दुखण्याचं वर्णन करताना तो वापरला. आपल्याकडे 'हृच्छूल' आहे, पण शूल म्हटलं की टोचणं आलं. रुग्ण तर सांगतात, "छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं." इथे मला परका शब्दच जास्त खरा वाटतो.

– स्टेंटचीही गंमत आहे. ते चक्क आडनाव! चार्ल्स स्टेंट हे एकोणिसाव्या शतकातले दंतवैद्य, दातांचे साचे घेण्याच्या मिश्रणासाठी प्रसिद्ध. काही जण 'स्प्रिंग बसवली' म्हणतात, पण ती असते वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी.

– मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला, आणि तोच महत्त्वाचा. झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते आणि तेवढा स्नायू मरू लागतो. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो, घाम पुसतो. अरेस्टमध्ये बिघडते ती हृदयाला चालवणारी विजेची लय. हृदय नुसतं थरथरतं किंवा थांबतं, माणूस काही सेकंदांत कोसळतो, नाडी लागत नाही. तिथे लगेच मदत बोलावून छाती दाबायला घ्यायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. झटक्यातून अरेस्ट होऊ शकतो, पण म्हणून दोन्ही एक नव्हेत. फेल्युअरमध्ये तर हृदय चालूच असतं, फक्त जोर कमी पडतो. पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो. असा माणूस औषधांवर कित्येक वर्षं काढू शकतो.

– म्हणजे निधनाच्या बातम्यांमधलं 'हृदयक्रिया बंद पडून'?

– त्यातून काहीच कळत नाही. हृदयक्रिया शेवटी सगळ्यांचीच बंद पडते. 'हृदयविकार' हाही असाच ऐसपैस शब्द. झडपेचा जन्मजात दोष, लयीतली गडबड, तुंबलेली वाहिनी, सगळं त्यात मावतं.

– जाता जाता 'पंपिंग'. रिपोर्टवर ६० टक्के दिसले की घरात सुतक! ते परीक्षेचे गुण नव्हेत. डाव्या निलयात, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर फेकलं जातं, ते प्रमाण आहे. साधारण ५५ ते ७० म्हणजे उत्तम. शंभर कोणाचंच नसतं. ४० किंवा त्याखाली असेल तर जोर कमी झाला असं धरतात.

प्रश्नकर्ता : मावशीला आत्ताच विचारलं. ग्राफी आणि प्लास्टी दोन्ही झाल्या, पंपिंग ५५. म्हणाली, "डॉक्टर हसून सांगत होते आणि मी बाहेर येऊन रडले. मला वाटलं, निम्मंच हृदय उरलंय."