पहाटेचा आकडा आणि पऱ्हाटी
अमरावतीबाहेरच्या वस्तीत कार्बन डायऑक्साइडचा मीटर पहाटे ५०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग) दाखवतो, म्हणजे रात्रीच्या ट्रकांचा धूर, असं एकानं लिहिलंय. सगळा दोष ट्रकांवर टाकू नका. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन साचते, पिकं आणि मातीही कार्बन डायऑक्साइड सोडतात. दुपारी ऊन तापलं की आकडा उतरतो. मीटर हवेतलं प्रमाण सांगतो, उत्सर्जन नाही. त्यासाठी डिझेल मोजा, लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. आमच्या गावात मी ट्रॅक्टरवाल्यांना विचारून वहीत लिटर लिहून ठेवतो.

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवली की शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहवत नाही, डोळे चुरचुरतात. तिच्यातला कार्बन त्याच हंगामात हवेतून आलेला, म्हणून तो हिशेब वेगळ्या पानावर. पण काजळी छातीत जातेच, त्यामुळे जाळायला माझा विरोधच आहे.